वास्तूचे रूप आणि तिचे प्रयोजन

(वैशाली नगर, भिलाई येथे मराठी वाचकांपुढे दिलेले व्याख्यान)



वास्तुकलेवरील लेखन मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकाला पहिली अडचण येते ती एका साध्या शब्दाची. 'फॉर्म' या शब्दासाठी आपल्याजवळ आकार, घाट, रूप, आकृतिबंध असे पुष्कळ पर्याय आहेत आणि त्यांतील 'रूप' हा शब्द बहुतेक ठिकाणी चपखल बसतो. 'फंक्शन'चे मात्र तसे नाही. 'उपयोग' म्हणावे तर अर्थ आखडतो. 'कार्य' म्हणावे तर मराठी घरात कार्य म्हणजे लग्नमुंज. गंमत अशी की, आज आपण बोलताना 'फंक्शन' हा इंग्रजी शब्दही नेमक्या त्याच अर्थाने वापरतो. 'प्रयोजन' म्हणावे तर लगेच प्रश्न उभा राहतो : हे कशासाठी आणि कोणासाठी?

शब्दकोशापुढे बसून या तीन शब्दांत निवड करताना माझ्या ध्यानात आले की, ही अडचण केवळ भाषेची नाही. उपयोग, कार्य आणि प्रयोजन ही एकाच गोष्टीची तीन नावे नसून सार्वजनिक वास्तूकडे पाहण्याच्या त्या तीन पायऱ्या आहेत. आजच्या व्याख्यानात या तीन पायऱ्या क्रमाने चढण्याचा माझा विचार आहे.

पहिली पायरी उपयोगाची. भिलाईत या विषयावर बोलण्याचा एक लाभ असा की, उपयोगातून रूप कसे निपजते याचे उदाहरण शोधण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला आणि १९५९ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. या झोतभट्टीचा आकार पाहा. ती वरून खाली येताना हळूहळू रुंद होत जाते आणि बुडाशी येण्यापूर्वी पुन्हा आत वळते. असे का? वरून टाकलेले लोहखनिज, कोक आणि चुनखडी खाली सरकताना तापतात व फुगतात. त्यांना अडकू न देता खाली जाऊ द्यावयाचे, तर भिंतींनी बाहेर सरकलेच पाहिजे. पुढे तप्त हवेच्या झोतात कोक जळतो, धातू वितळतो, आतील द्रव्याचे आकारमान घटते आणि म्हणून भिंती आत येतात. तळाशी लोखंडाचा रस आणि त्यावर तरंगणारी मळी साठण्यासाठी कुंड असते. या आकारात शोभेसाठी ओढलेली एकही रेघ नाही. तरीही भट्टीसमोर उभे राहणाऱ्याला भव्यतेचा प्रत्यय येतो.

रूपाने कार्याच्या मागून चालावे हा विचार अमेरिकन वास्तुविशारद लुई सलिव्हन याने १८९६ साली उंच कचेऱ्यांच्या इमारतींविषयी लिहिलेल्या एका निबंधात मांडला. पुढे त्याला सूत्राचे स्वरूप आले. जर्मनीत १९१९ साली वॉल्टर ग्रोपिअसने स्थापन केलेल्या 'बाउहाउस' या शाळेच्या प्रभावातून हा विचार जगभर पसरला आणि अलंकार म्हणजे अपव्यय असे समीकरण रूढ झाले. येथे एक गोष्ट विसरली जाते. सलिव्हन स्वतः अलंकरणाचा मोठा जाणकार होता आणि त्याच्या इमारतींवरील पानाफुलांची नक्षी आजही लोक आवर्जून पाहतात. म्हणजे सूत्र ज्याचे, त्याला त्यातून उघड्याबोडक्या भिंती अभिप्रेत नव्हत्या. पण सूत्रांचे नेहमी असेच होते. मूळ विचार मागे राहतो आणि सोयीचा तेवढा भाग प्रवासाला निघतो.

झोतभट्टीला हे सूत्र अचूक लागू पडते, कारण तिचा उपयोग एकच आहे आणि तो काय याविषयी दोन मते नाहीत. माणसांसाठी बांधलेल्या वास्तूची गोष्ट निराळी. तिचे उपयोग अनेक असतात, ते परस्परांशी भांडतात आणि त्यांतील कोणता मुख्य हे कोणीतरी ठरवावे लागते. सार्वजनिक उद्योगांच्या वसाहतींतील निवासस्थाने घ्या. आपल्या इस्पातनगरीचे सेक्टर आखताना शाळा, बाजार, मैदाने आणि झाडे यांचा विचार केला गेला, ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु अशा नगरींत घराचे क्षेत्रफळ कशावरून ठरते? घरात माणसे किती, म्हातारे आईवडील सोबत आहेत की नाही, यावरून नव्हे. तर कर्मचाऱ्याच्या श्रेणीवरून. वास्तुविशारदाने रूप कार्याप्रमाणेच दिले होते. पण कार्य काय हे त्याला व्यवस्थापनाने सांगितले होते, राहणाऱ्याने नव्हे.

उलट, नियोजित नगरीबाहेर उभ्या राहिलेल्या वैशाली नगरासारख्या वस्त्यांत घर माणसाबरोबर वाढते. आधी दोन खोल्या, मुले मोठी झाली की वर मजला, निवृत्तीनंतर पुढच्या बाजूला दुकानाचा गाळा. येथे उपयोग सांगणारा आणि राहणारा एकच. त्या वाढीत शिस्त नसते, पुष्कळदा उजेडवारा कोंडतो, गटाराचा विचार मागाहून होतो. तरी एक गोष्ट खरी की, त्या घराला आपले प्रयोजन कोणी परके सांगत नाही. तेव्हा सूत्राकडे परत वळताना त्याला एक प्रश्न जोडला पाहिजे. रूप कार्याच्या मागून चालते हे मान्य; पण कोणाच्या कार्याच्या?

आता दुसरी पायरी. मराठी 'कार्य' शब्दातील समारंभाचा अर्थ येथे उपयोगी पडतो. सार्वजनिक वास्तूला केवळ काम उरकावयाचे नसते. तिला काही मिरवावयाचे, काही जाहीर करावयाचे असते. भिलाईच्या कराराच्या वेळी हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती आणि येथील दाव्यांची अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात चालत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ते मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ झाले. त्याची वालुकाश्मातील घुमटदार इमारत हेन्री मेड या वास्तुविशारदाने रेखली. १९३७ मध्ये पायाभरणी झाली आणि १९४० मध्ये इमारत खुली झाली. मेड हा नवी दिल्लीच्या उभारणीत काम केलेला माणूस; त्यामुळे या वास्तूत दिल्लीच्या राजवास्तूंची छाया आहे. न्यायदानाच्या रोजच्या कामासाठी घुमटाची गरज नाही. घुमट सांगतो तो अधिकार. समोरून चालत येणाऱ्या पक्षकाराला तो पायऱ्या चढण्यापूर्वीच आपल्या लहानपणाची जाणीव करून देतो. ती वास्तू सुंदर आहे, तिची प्रमाणबद्धता डोळ्यांत भरते, हे नाकारण्याचे कारण नाही. तिच्या सौंदर्याचे कार्य काय, एवढेच मी सांगत आहे.

त्याच वर्षांत, नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, वर्ध्याजवळ दुसरे एक बांधकाम चालू होते. १९३६ पासून सेवाग्रामात गांधीजींच्या आश्रमाच्या कुट्या उभ्या राहत होत्या. भिंती मातीच्या, आधार लाकूड-बांबूचा, वर कौले. सामान आसपासच्या प्रदेशातील आणि हात गावकऱ्यांचे. देशाचे पुढारी आणि परदेशी पाहुणे तेथे खाली वाकून आत शिरत आणि चटईवर बसत. तिथेही रूप काहीतरी जाहीर करीत होतेच : या देशातील सर्वांत गरीब माणूस येथे आला, तर त्याला परके वाटणार नाही. एका वास्तूने सामान्य माणसाला मान वर करून पाहावयास लावले, दुसरीने थोरामोठ्यांना मान वाकवावयास लावली. दोन्ही ठिकाणी रूप आणि कार्य यांचा मेळ चोख होता. म्हणून एखादी वास्तू आपल्या कार्याला अनुरूप आहे एवढे म्हटल्याने तिचे मूल्यमापन पुरे होत नाही. ते कार्य कोणते हेही सांगावे लागते.

याचा अर्थ अलंकार नेहमी अधिकाऱ्यांसाठी आणि साधेपणा गरिबांसाठी असा घेऊ नये. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस, १८७८ ते १८८८ या काळात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार बांधले गेले. त्याचा प्रसिद्ध घुमट उतारूंच्या माथ्यावर नाही; तो रेल्वे कंपनीच्या कचेरीतील जिन्यावर आहे. पण त्याच इमारतीतील तिकिटांचे दालन पाहा. उंच कमानी, चकचकीत दगडी खांब, ताऱ्यांनी सजलेले छत, आणि त्याखाली रांगेत उभा असलेला, लोकलचे तिकीट काढणारा मुंबईकर. कोणताही अर्ज न करता, कोणाची ओळख न सांगता त्याला ते वैभव रोज लाभते. सामान्य माणसाच्या वाट्याला येणारी शोभा हा अपव्यय नव्हे. गरिबासाठी बांधावयाचे म्हणजे ओबडधोबड बांधावयाचे हा समज त्या दालनात उभे राहिले की गळून पडतो.

स्वातंत्र्यानंतर राजवास्तूंची परंपरा मागे टाकून नवी सार्वजनिक वास्तू घडविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली, त्यांत कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे हे एक प्रमुख नाव. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते हार्वर्डला ग्रोपिअसच्या हाताखाली गेले आणि परतल्यावर त्यांनी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेसाठी प्रयोगशाळांच्या इमारती रेखल्या. कार्यवादाचे धडे त्यांनी थेट मूळ गुरूकडून घेतले होते. पण भारतात त्यांना जाणवले की, येथे पहिले कार्य ऊन आणि पाऊस यांना तोंड देण्याचे आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी विटा आणि काँक्रीट यांच्या इमारती उंचावरच्या जोडवाटांनी एकमेकींना बांधल्या. विद्यार्थ्याला एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना त्या सावली देतात. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत आतली उष्णता बाहेर टाकणारे वायुवीजनाचे मनोरेच इमारतीचे मुख्य रूप झाले आहेत. आपल्या झोतभट्टीचे तत्त्व तेथे माणसांनी काम करावयाच्या वास्तूत उतरले आहे.

चार्ल्स कोरिआ यांनीही हवामानाला असाच अग्रमान दिला. मांडवी नदीच्या काठी, पणजीच्या कांपाल भागात त्यांनी रेखलेली कला अकादमी १९८३ साली पुरी झाली. नाट्यगृह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंद पेटी येते. बाहेर फलक, आत अंधार, मध्ये द्वारपाल. कोरिआ यांनी रस्त्यापासून नदीपर्यंत पोहोचणारी, वरून छायेची आणि बाजूंनी मोकळी अशी वाट ठेवली. नाटकाचे तिकीट न काढणारा माणूसही त्या वाटेने नदीकडे जाऊ शकतो, कट्ट्यावर बसू शकतो. नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी प्रेक्षकांनी भरलेले सज्जे चितारले. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी सभागृह भरलेले वाटावे, ही त्यातील मिस्कील योजना. या वास्तूचे कार्य कोणते? नाटके दाखविणे हे उघड कार्य. पण नाटकाला न येणाऱ्यालाही सामावून घेणे हे तिचे अधिक खोल कार्य आहे.

या पार्श्वभूमीवर आज आपल्या शहरांतून उभ्या राहणाऱ्या काचेच्या इमारती पाहाव्यात. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा प्रदेशात उन्हाकडे तोंड करून काचेची भिंत उभारावयाची आणि आत शिरलेली उष्णता यंत्राने बाहेर काढावयाची, यात रूप कोणत्या कार्याच्या मागून चालते? ते येथल्या कोणत्याच कार्याच्या मागून चालत नाही. ते दुसऱ्या देशातील छायाचित्राच्या मागून चालते. छत्तीसगडच्या खेड्यातील खापरांच्या उतरत्या छपराची परछी, किंवा आपली ओसरी आणि पडवी, यांना वास्तुशास्त्राची पदवी नव्हती. पण दुपारच्या झळा आणि श्रावणातील झडी यांच्याशी त्यांचा परिचय पिढ्यान् पिढ्यांचा होता.

येथून तिसरी पायरी सुरू होते, प्रयोजनाची. महाराष्ट्रातील गावाची चावडी आठवा. उंच जोते, लाकडी खांब, वर छप्पर आणि समोरची बाजू उघडी. सारा-वसुली, तंटे, सरकारी हुकमांचे वाचन हे तिचे उपयोग. पण समोर भिंत का नाही? कारण आत जे ठरते ते रस्त्याने जाणाऱ्याला दिसावे, ऐकू यावे. निर्णयाचे सार्वजनिकपण त्या नसलेल्या भिंतीत होते. नर्मदेकाठी महेश्वरला अहिल्याबाई होळकरांच्या काळात बांधलेले घाटही असेच. नदी चढो वा उतरो, पाण्याला टेकलेली एक पायरी नेहमी असते. आंघोळ करणारा, कपडे धुणारी, पूजा करणारा, नावाडी, नुसता बसलेला वाटसरू, प्रत्येकाला त्याच्या कामापुरती पायरी मिळते. एकच रूप इतकी कार्ये पेलते, कारण ते रेखताना माणसांच्या वेगवेगळ्या गरजा गृहीत धरल्या होत्या.

परंतु येथे थांबलो तर आपण स्वतःची फसवणूक करू. चावडीची समोरची बाजू उघडी होती. मात्र गावातील काही माणसांना तिच्या जोत्यावर चढण्याची मुभा नव्हती. त्यांनी खाली, अंतरावर उभे राहून आपले म्हणणे मांडावयाचे होते. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपण जाणता. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव संमत केला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले झाल्याचे ठरविले. तरीही प्रत्यक्षात त्या पाण्याला हात लावण्याचे धाडस कोणाला करता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. पुढे दावा चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला.

वास्तूच्या अभ्यासकाने या घटनेकडे निराळ्या अंगानेही पाहिले पाहिजे. त्या दिवशी तळ्याचा एक दगडही हलला नाही. पाणी तेच होते, काठही तेच. रूप तसूभरही न बदलता त्या वास्तूचे प्रयोजन बदलले, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर, ते प्रथमच पुरे झाले. सार्वजनिक वास्तू दगडविटांनी उभी राहते. सार्वजनिक मात्र ती तिच्यात कोणाला शिरता येते यावरून ठरते. कोणताही वास्तुविशारद हे काम एकट्याने पुरे करू शकत नाही आणि कोणत्याही नागरिकाने ते सर्वस्वी त्याच्यावर सोपवू नये.

आता ही तिन्ही अंगे मनात ठेवून एखाद्या साध्या सरकारी कचेरीत जाऊ. कोणत्या शहरातली हे सांगण्याची गरज नाही. अशा कचेऱ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. आतील टेबले, कपाटे, अधिकाऱ्याचे दालन यांची मांडणी कामाच्या सोयीने केलेली असते. कचेरीचा आराखडा करणाऱ्याने 'कार्य' विचारले तेव्हा त्याला आत बसणाऱ्यांचे कार्य सांगण्यात आले. पण त्या वास्तूत दिवसभरात सर्वाधिक वेळ घडणारी क्रिया कोणती? वाट पाहणे. अर्ज घेऊन आलेली माणसे तासन् तास थांबतात आणि त्या थांबण्यासाठी आराखड्यात जागा नसते. माणसे जिन्यावर बसतात, भिंतीला टेकतात, उन्हात उभी राहतात. खिडकीची फट इतकी खाली असते की, बोलण्यासाठी कमरेत वाकावे लागते. आतला माणूस बसलेला असतो म्हणून खिडकी त्याच्या उंचीची. त्या खिडकीशी रोज शेकडो माणसे लवून उभी राहतात आणि कोणाच्याही मनात नसताना तेथे नागरिकाचे रूपांतर याचकात होते. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसेल, तर लांबून आलेली बाई सकाळपासून पाणी न पिता रांगेत उभी राहते. हे दोष सौंदर्याचे नाहीत. वास्तूचे कार्य सांगताना कोणाला विचारले नाही, याचे ते पुरावे आहेत.

कार्याची व्याख्या रुंदावली की रूप कसे बदलते, याचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण म्हणजे चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार. शतकानुशतके पायऱ्या हे सार्वजनिक वास्तूच्या प्रतिष्ठेचे लक्षण मानले गेले. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत तो त्या वास्तूच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती त्यांना सुगम असल्या पाहिजेत असे बंधन घातले. आज पुष्कळ ठिकाणी उतार दिसतात. काही इतके चढे आहेत की, त्यांवरून खुर्ची नेणे धोक्याचे ठरावे. काहींच्या तोंडाशी वाहने उभी असतात. तेथे उताराचे रूप आले, प्रयोजन आले नाही. मात्र जेथे तो नीट केला आहे तेथे काठी टेकीत येणारे आजोबा, बाळाला घेऊन येणारी आई आणि सामान वाहणारा हमाल हे सगळे त्याच वाटेने जातात. एकाच्या गरजेकडे बारकाईने पाहिले की अनेकांची सोय होते, हा अनुभव घाटाच्या पायरीइतकाच जुना आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : आपला देश गरीब, हे सारे परवडावे कसे? मला वाटते, या आक्षेपाला उत्तर सेवाग्रामने केव्हाच दिले आहे. सावलीची पडवी, टेकावयास बाक, पिण्याचे पाणी, उभ्या माणसाच्या छातीइतकी उंच खिडकी, पुसट न झालेली पाटी, यांचा खर्च दर्शनी भागावरच्या काचेपेक्षा पुष्कळच कमी आहे. उणीव पैशाची थोडी आणि कल्पनेची अधिक आहे. आपण स्वतः त्या रांगेत उभे आहोत अशी कल्पना करण्याची उणीव.

आपल्यापैकी फार थोडे जण वास्तुविशारद आहेत. पण शाळा, वाचनालय, दवाखाना, पंचायत यांपैकी कशाशी ना कशाशी प्रत्येकाचा संबंध येतो. अशी नवी इमारत उठणार असेल, तेव्हा तिचे चित्र सुंदर आहे की नाही एवढ्यावरच बोलून थांबू नये. तीन प्रश्न विचारावेत. येथे कोणते काम चालणार? ही वास्तू त्या कामाविषयी येणाऱ्याला काय सांगणार? आणि ज्याच्यासाठी ती बांधली जात आहे, त्याला आत शिरताना, थांबताना आणि बाहेर पडताना काय सोसावे लागणार? पहिला प्रश्न अभियंता विचारतोच. दुसरा उद्घाटनाला येणारे विचारतात. तिसरा विचारणारे कोणी नसेल, तर तो आपण विचारला पाहिजे.

शब्दांपासून आरंभ केला होता, तेव्हा शेवटी त्यांचा निकाल सांगते. यंत्राविषयी लिहिलेले असेल तेथे 'फंक्शन'साठी मी 'उपयोग' किंवा 'कार्य' हे शब्द वापरते. सार्वजनिक वास्तूचा विषय आला की 'प्रयोजन' लिहिते. शब्द थोडा जड आहे, वाचक अडखळेल अशी शंका काही स्नेही घेतात. परंतु वाचकाने तेथे क्षणभर अडखळावे आणि 'कोणासाठी?' असे मनाशी विचारावे, अशीच माझी इच्छा आहे.